जोत्याच्या आधी बोल

बापू, पंचायत समितीत गृहनिर्माण अभियंता म्हणून लागलास, बरं झालं. घरकुल कसं बांधायचं ते तुला शिकवून पाठवलं असेल. माझे केस जिल्हा परिषदेच्या बांधकामात पांढरे झाले, म्हणून एवढंच सांगतो: ज्या घरात कोणी चालत नाही, कोणाला दिसत नाही किंवा आधाराशिवाय उठता येत नाही, तिथं आखणीचा चुना पडायच्या आधी जा. आणि बोलायचं ते त्याच माणसाशी. भावाशी नाही, सरपंचाशी तर नाहीच.

घर उभं राहिल्यावर दार रुंद करायचं म्हणजे चौकट उपटा, लिंटेलला हात घाला, भिंत फोडा. आखणीच्या दिवशी तेच दार आत 90 सेंटिमीटर मोकळं ठेवायला चौकटीचं थोडं लाकूड जास्त लागतं, बस्स. प्रधानमंत्री आवासचं घर किमान 25 चौरस मीटरचं. केंद्राच्या निकषानं पैसे 1 लाख 20 हजार, वर राज्याची भर. मारेगाव, झरी, केळापूरकडच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कोलामांना जनमन योजनेतून 2 लाख. अपंगाच्या सोयीचा वेगळा पैसा यात धरलेला नाही. म्हणून जे फुकटात होतं ते आधी करून घे: दाराची रुंदी, उंबरठा न ठेवणं, न्हाणीची जागा. इंग्लंडात घरात असे बदल करायला 30 हजार पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्याआधी जाणकार माणूस घरी येऊन पाहणी करतो. आपल्याकडं तो जाणकार तूच, बाप्पा.

आता रॅम्प. गणित सोपं आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून जोतं दीड फूट उचलतात, म्हणजे अठरा फूट उतार आला. मिस्त्री म्हणेल, एवढी जागा कुठं आहे साहेब, आणि सहा फुटांत घसरगुंडी करून देईल. फोटोत तो रॅम्प दिसतो, घरकुलाची फाईल पुढं सरकते. पण त्यावर खुर्ची एकट्यानं चढत नाही, आणि उतरताना माणूस तोंडावर येतो. समोर अठरा फूट नसतील तर भिंतीला लागून बाजूनं ने, वळणावर पाच बाय पाचची सपाट जागा सोड. तेही जमत नसेल तर अर्धं अंगणच मुरमानं उचल, पाण्याला बाजूनं वाट ठेव आणि उरलेल्या उंचीचाच रॅम्प कर.

आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. रॅम्प तिच्यावर नुसता ओतला तर काही पावसाळ्यांत जोत्यापासून सुटतो, मध्ये दोन इंचांची पायरी तयार होते. दोन इंच आपल्या पायाला जाणवतही नाहीत, चाक मात्र तिथंच अडतं. म्हणून रॅम्पखालची काळी माती उपसून काढ, मुरूम थराथरानं भर, पाणी मार, धुम्मस कर. जोतं ओततानाच त्यातून सळया बाहेर काढून ठेव आणि त्या रॅम्पच्या काँक्रिटमध्ये गुंतव. जोतं झाल्यावर हे सुचलं तर उपयोग नाही. वरून घोटाई करू देऊ नकोस. मिस्त्र्याला गुळगुळीत काम म्हणजे चांगलं काम वाटतं. त्याला सांग, ओल्या सिमेंटवर खराट्यानं आडवे ओरखडे मार. काठाला चार इंचांची कड हवी, चाक बाहेर जाऊ नये म्हणून.

कठड्याला लोखंडी पाईप सगळेच लावतात. मे महिन्यात दुपारी तो पाईप धरून बघ एकदा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या हातांना चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. वणीपलीकडं वरोऱ्याला आनंदवन, तिकडं अमरावतीला तपोवन. या भागाला तो आजार जुना माहीत आहे. अशा घरी कठडा सावलीत घे, नाहीतर बांबूचा कर. पोडावर बांबूचं काम तुझ्यापेक्षा कोलामांना चांगलं येतं. उंची तेवढी विचारून घे.

प्रत्येक अपंगाला खुर्ची लागते असंही धरू नकोस. सिकलसेल 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 अपंगत्वांत आहे, आणि आपल्या आदिवासी गावांत तो पुष्कळ. तो असलेल्या पोराला आज नीट चालता येईल, उद्या खुब्याच्या दुखण्यानं उठवणार नाही. त्याला रॅम्पपेक्षा धरायला दांडा आणि बसायला उंच ओटा जास्त कामाचा. दिसत नसेल त्याला अंगणात शोषखड्ड्याचं झाकण वर आलेलं नको.

संडासाचे 12 हजार वेगळे मिळतात, म्हणून तो वेगळाच बांधतात, मागच्या कोपऱ्यात, दोन पायऱ्या चढून, दोन फुटांच्या दाराचा. पावसात रात्री सरपटत जाणाऱ्या बाईचा विचार कर. खड्डे बाहेर असू दे, भांडं घराला लागून घे, मध्ये पाईप. दार बाहेर उघडणारं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगानं अडतं. बैठक खुर्चीच्या गादीएवढी उंच, म्हणजे साधारण दीड फूट. आणि हाताचा दांडा: साडेचार इंची विटेच्या भिंतीत स्क्रू मारून लावलेला दांडा महिन्यात हलायला लागतो. भिंत चढतानाच त्या जागी काँक्रिटचा ठोकळा बसव. मग मिस्त्र्याला स्वतः त्याला लोंबकळायला लाव. तो लोंबकळायला घाबरला तर काय ते समज.

शिबिरातून मिळालेली तीनचाकी सायकल दारातून आत जात नाही. तिला छपरी ठेव, नाहीतर उन्हानं टायर तडकतात. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस पडतो, भावाची वाट पाहत छातीएवढा चढतो. खुर्चीची वाट त्यातच बुजते. घरच्यांना आखणीच्या वेळीच विचार, कापूस कुठं ठेवणार? उत्तर आलं नाही तर दुसरं दार काढ.

पैशाचं सांगतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. पुष्कळ गावांत ते सगळ्यांना सारखे वाटून टाकतात, कोणाला हजार, कोणाला पाचशे. भांडण होत नाही, काम पण होत नाही. माझं मत विचारशील तर त्यातून दर साली दोन-तीन घरांचे रॅम्प आणि दांडे पक्के करावेत. पण हे तू सरपंचाच्या खोलीत नको बोलूस. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या माणसालाच अर्ज वाचू दे, पुढच्या सालाचं अंदाजपत्रक बनायच्या आधी. अर्जाला अपंगत्वाचं कार्ड जोडायला लाव. नसेल तर आधी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला तपासणीला पाठव. घरकुलाच्या वाटपात 5 टक्के राखीव हे 2016 च्या कायद्याचं कलम 37, ते तुझ्या वहीत लिहून ठेव, कोणीतरी विचारेलच. आणि घर कोणाच्या नावावर आहे ते नमुना 8 मध्ये बघून घे. घरकुल मोठ्या भावाच्या नावावर असलं तर उद्या वाटणीत रॅम्प त्याचा होतो आणि ज्याच्यासाठी बांधला तो मागच्या टिनाखाली जातो.