बाळंभटदादा देवधर आणि मल्लखांबविद्या

दुसरे बाजीराव पेशवे इ. स. १७९६ मध्ये गादीवर आले. त्यांच्या अमदानीतील एक हकीकत महाराष्ट्राच्या आखाड्यांतून आजही मोठ्या आदराने सांगितली जाते. हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले. ते अंगाने धिप्पाड आणि डावपेचांत मुरलेले होते. वाटेत गावोगावचे मल्ल चीत करीतच ते येथवर पोहोचले होते. पेशव्यांच्या दरबारात उभे राहून त्यांनी कुस्तीचे जाहीर आव्हान दिले. आपल्याशी झुंजणारा कोणी नसेल, तर तसे विजयपत्र लिहून मिळावे, अशीही त्यांची मागणी होती.

दरबारात शांतता पसरली. मोठमोठ्या नामवंतांनी माना खाली घातल्या. विजयपत्र लिहून देणे म्हणजे साऱ्या दरबाराने हार पत्करणे होय, हे प्रत्येकजण जाणून होता. परंतु पुढे येण्याचे धैर्य कोणास होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाचा एक तरुण उठला. त्याने आव्हान स्वीकारले, मात्र तयारीसाठी काही अवधी मागून घेतला. पेशव्यांनी तो दिला.

बाळंभटदादा तेथून निघाले ते थेट नाशिकजवळच्या वणीच्या डोंगरावर, सप्तशृंगी देवीच्या चरणी गेले. तेथे त्यांनी उपासना केली. देवीच्या कृपेने त्यांना मारुतिरायाचा दृष्टांत झाला आणि एका वानराने लाकडी खांबावर नाना प्रकारच्या पकडी व उड्या करून दाखविल्या, अशी आख्यायिका आहे. दादांनी त्या हालचालींचा अभ्यास केला. ते पुण्यास परतले आणि त्यांनी अलीला कुस्तीत चीत केले. ते पाहून गुलाबाने लढण्याचा बेत सोडला, असे सांगतात.

या कथेतील चमत्काराचा भाग बाजूस ठेवला, तरी तिच्यात एक मोठा विचार उरतो. समोरचा मल्ल वजनाने आणि ताकदीने भारी होता. थोड्या दिवसांत तेवढे वजन वाढविणे दादांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग शोधला. वानर काही हत्तीएवढे बलवान नसते. परंतु त्याची पकड घट्ट, अंग लवचीक आणि झेप अचूक असते. बळाला चपळाईची जोड द्यावी आणि शरीराचा प्रत्येक अवयव मनाच्या आज्ञेत आणावा, हे दादांच्या साधनेचे मर्म होय.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. ही विद्या दादांच्याही पूर्वीची आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे वर्णन करताना खांबावरील श्रमाचाही उल्लेख येतो. मध्यंतरीच्या काळात ती मागे पडली होती. तिला नवे रूप देऊन शिष्यपरंपरेच्या हाती सोपविण्याचे श्रेय बाळंभटदादांकडे जाते. त्यांनी आपली विद्या स्वतःपाशी दडवून ठेवली नाही. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास राहू लागले. त्यांच्याबरोबर महाराष्ट्राचा आखाडाही उत्तरेस गेला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी लहानपणी तेथेच या व्यायामाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते.

पुरलेला मल्लखांब हा सागाच्या किंवा शिसवीच्या लाकडाचा असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे साडेआठ फूट भरते. तो बुडाशी जाड असून वर निमुळता होत जातो. त्याच्या भागांना अंग, मान आणि बोंड अशी नावे आहेत. या नावांवरूनच ध्यानात येते की, कुस्तीगीर या खांबाला आपला प्रतिमल्ल समजत असे. अंगाला विळखा घालावा, मानेवर पकड घ्यावी आणि बोंडावर तोल सांभाळावा. खांबाला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे घर्षण कमी होते, अंग सोलवटत नाही. परंतु पकड ढिली पडली की शरीर खाली घसरते. म्हणून खेळाडूला सतत सावध राहावे लागते. याखेरीज साखळीने टांगलेला आखूड मल्लखांब असतो. तो हलतो आणि स्वतःभोवती फिरतो. तिसरा प्रकार दोरीचा. पूर्वी या कामी वेत वापरीत. आता सुती दोर वापरतात. या दोरावर कोठेही गाठ न मारता केवळ विळख्यांच्या आधारे आसने केली जातात.

मल्लखांब शिकविण्याची रीत मोठी विचारपूर्वक आखलेली आहे. आखाड्यात आलेल्या मुलाला वस्ताद पहिल्याच दिवशी खांबावर चढवीत नाहीत. आधी दंड, बैठका, सूर्यनमस्कार यांनी अंग मोकळे व उबदार करावयाचे. मग पायांनी खांब आवळून धरण्याची अढी शिकावयाची. अढी पक्की झाली की साधी उडी. आणि ती साधली की बगली, दसरंग, तेढी, फिरकी, वेल, सुईदोरा असे एकाहून एक अवघड प्रकार. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर पाऊल टाकावयाचे नाही, हा येथला पहिला नियम होय.

दुसरा नियम असा की, चढण्याबरोबरच उतरणेही शिकावयाचे. पुष्कळदा मुलाला वर जाण्याची घाई असते आणि वरून उतरताना त्याचा गोंधळ उडतो. म्हणून खांबाभोवती मऊ गादी अंथरतात आणि वस्ताद जवळ उभे राहून हात पुढे ठेवतात. घसरले तर घाबरून हातपाय न झाडता अंग सावरून कसे घ्यावे, हे मुलाला आधीच ठाऊक असते. पडण्याची भीती शिक्षणाने जाते, दटावण्याने जात नाही, हे चांगले वस्ताद ओळखून असतात.

तिसरा नियम समतोलाचा. उजव्या बाजूने केलेली उडी डाव्या बाजूनेही करावयाची. ढकलण्याइतकेच ओढण्याला, वाकण्याइतकेच ताणण्याला महत्त्व द्यावयाचे. ज्या खेळात एकच हात किंवा एकच पाय राबतो, त्यात शरीराची एक बाजू बळकट आणि दुसरी दुबळी राहण्याचा धोका असतो. मल्लखांबावर मांड्या आवळतात, पोट आणि पाठ शरीर तोलून धरतात, खांदे व मनगटे भार उचलतात. येथे निराळी वजने लागत नाहीत. स्वतःच्या शरीराचे वजन हेच खेळाडूचे ओझे आणि तेच पेलणे हा त्याचा व्यायाम.

या व्यायामाने शरीर बळकट कसे होते? नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला की स्नायूंवर ताण येतो. पुढे विश्रांतीच्या काळात अन्नातील द्रव्ये घेऊन ते पूर्वीपेक्षा सबळ बनतात. हाडांवर योग्य भार पडला की तीही दणकट होतात. वाढत्या वयात तर हा लाभ विशेष होतो. यावरून हेही उघड होते की, केवळ श्रम करून भागत नाही. श्रम, आहार आणि निद्रा ही तिन्ही मिळून बळ घडवितात. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेल्या धान्यांची उसळ, पालेभाजी, फळे, दूध किंवा ताक असा साधा व सकस आहार पुरेसा असतो. भरल्या पोटी मल्लखांबावर चढू नये. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने रात्री किमान नऊ तास झोपावे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनतीचा व्यायाम किंवा खेळ करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा वेळ पुस्तकातून अथवा पडद्यावरून डोळे काढूनच मिळवावा लागतो. तो आपोआप मिळत नाही.

पेशव्यांच्या दरबारी प्रकाशात आलेली ही विद्या पुढे व्यायामशाळांनी जतन केली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इ. स. १९१४ मध्ये, तर मुंबईत दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, त्या प्रसंगी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगासमोर मांडली. १९८१ पासून मल्लखांबाच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा पंधरा देशांचे खेळाडू तेथे आले होते. एके काळी कुस्तीगीर पुरुषांपुरता मानलेला हा खांब आता मुलींनाही मोकळा झाला आहे. ज्यांना दृष्टी नाही, अशी मुलेही केवळ स्पर्शाच्या आधारे मल्लखांब शिकली आहेत. दादरच्या व्यायाम मंदिरात अनेक वर्षे मुले घडविणारे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले.

बाळंभटदादांच्या कथेत अलीशी झालेली कुस्ती काही घटकांत आटोपली असेल. परंतु तिच्यामागे डोंगरावरील एकान्तातली साधना होती. दरबारात भल्याभल्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा दादांनी फुशारकी मारली नाही. आपण आज तयार नाही, हे ओळखून त्यांनी अवधी मागितला आणि मिळालेला प्रत्येक दिवस कामी लावला. आपली उणीव मान्य करणे आणि मग नेमाने ती भरून काढणे, ही गोष्ट आखाड्यातल्या प्रत्येक मुलाला दररोज करावी लागते. आज साधली नाही ती उडी उद्या पुन्हा करावी; आणि साधली, की शेजारच्या लहान मुलाला हात देऊन तीच शिकवावी. दादांपासून चालत आलेली ही विद्या अशाच रीतीने दोनशे वर्षे टिकून राहिली आहे.

अभ्यास

१. अली आणि गुलाब यांनी दरबारात कोणती मागणी केली? ती मान्य करणे अपमानाचे का होते?
२. बाळंभटदादांनी तयारीसाठी अवधी मागितला, यावरून त्यांचे कोणते गुण दिसतात?
३. मल्लखांबाच्या भागांना अंग, मान व बोंड अशी नावे का पडली असावीत?
४. कारणे द्या : (अ) खांबाला एरंडेल तेल लावतात. (आ) व्यायामाइतकीच निद्राही आवश्यक आहे.
५. ‘पडण्याची भीती शिक्षणाने जाते, दटावण्याने जात नाही,’ हे विधान स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
६. तुमच्या गावातील एखाद्या व्यायामशाळेस भेट द्या आणि तेथे दिसलेल्या व्यायामप्रकारांवर दहा ओळी लिहा.