फराळ आणि शिवण

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले, की नोकरी करणाऱ्या गृहिणीपुढे फराळ व मुलांचे नवे कपडे अशी दोन्ही कामे एकदम उभी राहतात. आरंभ अनारशांपासून करावा. त्यांचे तांदूळ 3 दिवस भिजतात. रोज पाणी बदलले की झाले. गुळात कालवलेले पीठही पुढे काही दिवस मुरते. तेवढ्या अवधीत परकराचे कापड पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे शिवल्यावर ते आटत नाही. यंत्रावरील शिवणीला सलग वेळ हवा. काजे-गुंड्या रात्री गप्पा मारतानाही होतात. करंज्या मात्र रविवारी, सर्वजण घरी असताना कराव्यात. पारी वाळली, की कडा चिकटत नाहीत आणि सारण तळणीत सांडते. तेव्हा लाटणारे, भरणारे, तळणारे हात निरनिराळे हवेत. मुलग्यांनीही त्या वेळी खेळायला पळू नये!