बावखलाचे महत्त्व

वसईच्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती बागाइतदार केळी, पानवेली व भाजीपाला पिकवीत आले, ते बावखलांच्या बळावर. बावखल म्हणजे वाडीतील लहान तळे. त्यात पावसाचे पाणी साठून जमिनीत मुरते. भूगर्भात गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. उपसा बेसुमार झाला, म्हणजे खारे वर चढते व बागा करपतात. याच धोक्याविरुद्ध इ. स. १९९० च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह धर्मग्रामांतील लोकांनी हरित वसईची चळवळ केली. सृष्टिरक्षण हे धर्मकर्तव्यच होय, असे पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या परिपत्रकात सांगितले. आमच्या मते वसईकरांनी बावखले बुजवू नयेत. ठाण्याच्या खोपटसारख्या भरवस्तीतही उरलेल्या विहिरी राखून छपरांचे पाणी गाळून त्यांत सोडावे.