स्क्रोल सॉचे मेज : सुधारणा व निगा

तापीकाठच्या सुरत शहरात सादेली या जडावकामाची जुनी परंपरा आहे. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांच्या बारीक पट्ट्या चिकटवून त्यांची जुडी करावयाची, तिच्या आडव्या पातळ चकत्या कापावयाच्या आणि त्यांत उमटलेली भौमितिक नक्षी पेटीवर बसवावयाची, अशी ही कला. पूर्वी यात हस्तिदंतही वापरीत. त्याचा व्यापार आता कायद्याने बंद आहे. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या मुंबईतही होत व विलायतेत ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ओळखल्या जात.

जडावकामाचे मोल सांध्यात असते. वळणदार तुकडे व जाळी कापण्यासाठी स्क्रोल सॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या बारीक पात्याची करवत, उपयोगी पडते. कारागीर पाते जपतो. मेजाकडे मात्र दुर्लक्ष होते. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीला मेज एकच अंश कलले, तरी कापाच्या वरच्या व खालच्या कडेत सुमारे ०.३ मिलिमीटर अंतर पडते. मग तुकडा एका बाजूने जागेत बसतो, दुसऱ्या बाजूने अडतो. महागडे लाकूड आणि दिवसाची मजुरी, दोन्ही वाया जातात.

परीक्षा : यंत्रावरील अंशपट्टीवर विसंबू नये. पाते ताणून त्याला लहान गुण्या लावून पाहावा. नंतर जाड ठोकळ्याच्या कडेला किंचित काप घ्यावा, यंत्र थांबवावे आणि ठोकळा मेजावरच फिरवून पात्याच्या मागे आणावा. पाते त्याच कापात सरळ शिरले, तर मेज काटकोनात आहे. न शिरल्यास कल दुरुस्त करावा.

सुधारणा : मेजाचे भोक मोठे असल्यास नाजूक तुकडे खाली पडतात व लाकडाच्या खालच्या बाजूचे छिलके उडतात. यासाठी ३ मिलिमीटर जाडीच्या सपाट प्लायवुडला पाते जाईल एवढेच बारीक छिद्र पाडावे व ते दुहेरी चिकटपट्टीने मेजावर बसवावे.

निगा : पावसाळ्यातील दमट हवेत बिडाच्या मेजावर लवकर गंज चढतो. प्रथम वीजजोडणीची पिन काढावी. भुसा झटकून गंज बारीक पॉलिश पेपरने घासावा, मेणाचा पातळ थर द्यावा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावा. तेल लावून ठेवू नये. त्याचे लाकडावर डाग पडतात व तेथे सरस धरत नाही.

शाळेच्या कार्यशाळेत शिक्षकांनी ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून दर आठवड्यास करवून घ्यावी. तिला एक गुण्या, एक ठोकळा व पाच मिनिटे पुरतात.