जुना फोन, लिनक्स आणि ‘पऱ्हाटी’

दिवाळीत पांढुर्ण्याला घरी गेले तेव्हा कपाटात माझा जुना फोन सापडला. काच शाबूत, बॅटरी बरी. पण अपडेट केव्हाच बंद झालेले, निम्मे ॲप उघडेनात. मी तो भंगारात द्यायला निघाले, तर आजी म्हणाली, “काहून फेकतं वो बाई? चालू त हाये!” तिच्या या प्रश्नामुळेच मी त्या फोनवर लिनक्स टाकून पाहिलं.

आधी थोडी ओळख

१९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. यंत्राचे सुटे भाग आणि आपले ॲप यांच्यात दुवा साधतो तो हा गाभा. अँड्रॉइड त्याच्यावरच उभं आहे. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमधलं कायओएसही लिनक्सवरचंच. म्हणजे सौंसरला माझ्या मावशीच्या हातात लिनक्स माझ्याआधीच पोचलं होतं! पण पुढे व्हॉट्सॲपने कायओएसची साथ सोडली आणि मावशीचा फोन पुन्हा फक्त बोलण्यापुरता उरला. आत लिनक्स असून भागत नाही; त्याच्या वरचे थर बदलायची मोकळीक वापरणाऱ्याला आहे का, हेही बघावं लागतं.

ती मोकळीक देणाऱ्या प्रणालींना सहसा ‘लिनक्स फोन’ म्हणतात. उबुंटू टच ही त्यातली एक. कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये तिचं काम थांबवलं, तेव्हा यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवी गटाने ते उचललं. पोस्टमार्केटओएसही २०१७ चंच. फोन दहा वर्षं वापरता यावा, हे त्याचं ध्येय. आजीचा प्रश्न तरी वेगळा काय होता?

रोजच्या तीन कामांची परीक्षा

पहिलं काम बोलणं. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जीचं. तिथे आवाज ‘व्होल्टे’ पद्धतीने जातो. अनेक लिनक्स फोनांना व्होल्टे नीट जमत नाही, त्यामुळे अशा सिमवर इंटरनेट चालतं, कॉल लागत नाही. २जी चालू असलेल्या कंपनीचं सिम घातलं तर बोलता येतं. सिम बदलून मी आईला फोन लावला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुसरं काम पैसे. संत्र्याच्या हिशेबापासून किराण्यापर्यंत सगळं आता यूपीआयवर, आणि ते ॲप अँड्रॉइड व आयफोनसाठी बनलेले. वेड्रॉइड वापरून लिनक्समध्ये अँड्रॉइडचे ॲप चालवता येतात, पण बँकांचे ॲप सुरक्षेच्या तपासणीत बहुधा अडतात. साध्या फोनसाठी २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, त्यात कॉल करून पैसे पाठवता येतात. तरी दुकानासमोर रांगेत उभं राहून हे करणं जिकिरीचंच. या परीक्षेत लिनक्स फोन नापास.

तिसरं काम लिहिणं, आणि मी रमले ती इथेच. आमच्याकडे शाळा, कचेरी, पाट्या, बहुतेक सगळं हिंदीत. फोनचा कीबोर्डही हिंदी. माझा धाकटा भाऊ ‘पऱ्हाटी’ऐवजी ‘पराटी’ लिहितो, ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’ करतो. त्याचा दोष नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक करायला नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो. ऱ, हलन्त आणि य ही तीन चिन्हं जोडली की ‘ऱ्य’ होतो. अँड्रॉइडवर मराठी कीबोर्ड मिळतो, पण तो दुसऱ्याने मांडलेला. लिनक्स फोनांवरच्या स्क्वीकबोर्डमध्ये कीबोर्डचा नकाशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतो. ती उघडून मी ‘ळ’ आणि ‘ऱ’ पहिल्याच पानावर आणले. दोन संध्याकाळी गेल्या, एकदा सगळा कीबोर्डच गायब झाला. पण ‘पऱ्हाटी’ उमटली.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर

१. रोजचा एकुलता एक फोन यासाठी घेऊ नका.
२. तुमचं नेमकं मॉडेल प्रणालीच्या यादीत आहे का, कॅमेरा आणि कॉल चालतात का, ते आधी वाचा.
३. बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो आधी दुसरीकडे ठेवा.
४. सिम कोणतं घालणार, ते आधीच ठरवा.

मग लिनक्स फोन रोजच्या वापराला पर्याय आहे का? पैशाचे व्यवहार करणाऱ्यांचा एकमेव फोन म्हणून, आज नाही. वाचन, लेखन आणि शिकण्यासाठी दुसरा फोन म्हणून, नक्की. माझा तो फोन आता आजीच्या शब्दांची वही झाला आहे. ती अंगणात गहू निवडताना बोलते, मी टिपते. परवा तिने विचारलं, “माह्यं बोलनं जसंच्या तसं लिवतं ना त्याच्यात?” मी तिला पडदा दाखवला. चष्मा लावून तिने एकेक अक्षर वाचलं आणि एक शब्द चुकला म्हणून सांगितलं. तो मी तिथल्या तिथे दुरुस्त केला.