केबल उरली, कीबोर्ड गेला

दिवाळीआधी घराला रंग द्यायला काढला तेव्हा माळ्यावरचे चार खोके खाली आले. सगळ्यांत मिळून सतरा कीबोर्ड. एका खोक्यावर मी कधीतरी घाईत ‘जुने, बंद’ असं लिहून ठेवलं होतं. मी कामावर असताना घरून फोन आला, हा खोका भंगारात द्यायचा का? मी ‘द्या’ म्हणालो. आठ दिवसांनी टेबलाच्या खणात गुंडाळीची केबल हाताला लागली आणि पोटात गोळा आला. त्या खोक्यात आयबीएमचा मॉडेल एम होता. १९८९ चा.

तो बंद नव्हताच. या कीबोर्डाची केबल सुटी निघते. ती मी खणात ठेवली होती आणि कीबोर्ड माळ्यावर. कळ दाबली की आतली स्प्रिंग वाकून टक्क आवाज करणारा, दोन किलोंहून जड असा तो कीबोर्ड मला पुन्हा मिळालेला नाही. भंगाराच्या दुकानात गेलो, पण माल पुढे गेला होता.

म्हणून कळकळीनं सांगतो, ‘बंद’ हा शब्द नोंदीत लिहूच नका. नेमकं काय बिघडलंय ते लिहा: ‘केबल खणात’, ‘स्पेसबार अडकतो’, ‘अमुक तारखेला लावून पाहिला, चालला’. आणि सुटी निघणारी केबल त्याच कीबोर्डाला बांधून ठेवा.

कीबोर्ड घरात आला की आधी उलटा करा आणि मागच्या लेबलाचा फोटो घ्या. मॉडेल एमच्या लेबलावर पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि बनल्याची तारीख असते. माझ्याकडे १३९१४०१ हा पार्ट नंबर दिसणारा फोटो असता तर शोधायला आधार झाला असता. लेबल निघून गेलं असेल तर कळा बघा. रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं, तेव्हा ते छापलेला कीबोर्ड त्यानंतरचाच. अकाउंट्सवाल्यांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या टेबलांवर वर्षानुवर्षं खडखडणाऱ्या टीव्हीएस गोल्डचं वय मी असंच अजमावतो.

पिन कोणती, हेही लिहा. पाच पिनांची मोठी, सहा पिनांची पीएस/२, की यूएसबी. जुने कीबोर्ड यूएसबीला लावताना नुसत्या पिन बदलणाऱ्या साध्या जोडणीवर बहुधा चालत नाहीत. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. कोणत्या कन्व्हर्टरवर चालला ते टिपून ठेवलं नाही, तर पुढच्या वेळी चांगला कीबोर्डही मेलेला वाटतो. वायरलेस असेल तर ‘सेल काढले’ ही नोंद हवीच. सेल गळून माझ्या एका कीबोर्डाची पट्टी हिरवी पडली, ती पुन्हा साफ झाली नाही.

हे सगळं कशात लिहायचं? मोठमोठे तक्ते करून पाहिले. वीस रकाने कोणी भरत नाही. मी आता साधी फुलस्केप वही वापरतो: नाव, पिन, अवस्था, खोका, कोणाला दिला. शेवटचा रकाना मित्रांसाठी आहे आणि तो त्यांच्यासमोरच भरावा. खोक्यावर फक्त आकडा, बाकी वहीत. वही कुठे असते, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो की ती केबल अजून माझ्या पिशवीत असते.