भिडे वाडा : दुकान, घर आणि शाळा

पुण्याच्या पेठांत रस्त्याकडे दुकान आणि आत बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा, वर माडी, आत उजेड-वाऱ्यासाठी चौक, ही वाड्याची सर्वसाधारण बांधणी होय. मुख्य भार खांब-तुळयांवर असल्यामुळे दर्शनी बाजूस दुकानांचे गाळे काढणे सोपे जाई.

बुधवार पेठेतील भिडे वाडा असाच दुकाने असलेला वाडा होता. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पेशवाई बुडून अवघी तीस वर्षे झाली होती. शाळेला स्वतंत्र इमारत नव्हती. राहत्या वाड्यातली जागाच कामी आली.

पुढे शाळा गेली, दुकाने राहिली. शनिवारवाड्यासारखा तट येथे नव्हता. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर गाळ्यांपाशीच थांबे. राष्ट्रीय स्मारकाची मागणी झाली, तेव्हा गाळेधारक भाडेकरूंच्या पोटाचा प्रश्नही उभा राहिला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल लागला आणि डिसेंबरात जीर्ण झालेला वाडा स्मारकासाठी पाडण्यात आला.

स्मारकाने आठवण राहील. पण मुली ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या, तो उंबरा परत येणार नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणून हे अधिक लागते. वास्तूचे मोल नक्षीवरून नव्हे, तर तिच्यात काय घडले यावरून ठरावे. आपापल्या गावच्या बाजारपेठेतील जुन्या घरांची मोजमापे व माहिती, ती पडण्यापूर्वी, आपण विद्यार्थ्यांनी टिपून ठेवली तर?